झेड-फोरचे रन-फ्लॅट टायर काढावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१३ची सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर, एसड्राइव्ह ३५आय. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८, चारही रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. मागचे दोन संपत आलेत, पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, फुगा आलाय. राहता नाशिकला, गंगापूर रोडला. रविवारी सकाळी त्र्यंबक किंवा गिरणारे, महिन्यातून एकदा पुणे, अधूनमधून समृद्धी महामार्गाने नागपूर. दुकानदार म्हणतो, मागचे दोन साधे टाकू, पुढचं पुढे बघू. मित्र म्हणतो, रन-फ्लॅट काढलेस तर गाडीची वाट लागेल.

आधी निकाल सांगतो. रन-फ्लॅट काढा आणि साधे टाका, पण चारही आणि एकाच दिवशी. दुकानदाराचा 'मागचे दोन'वाला बेत हा तुमच्यासमोरचा सगळ्यात वाईट पर्याय आहे. मित्राचं म्हणणं अर्धवट खरं आहे, पण त्याला वाटतं त्या कारणासाठी नाही. आणि एक परिस्थिती अशी आहे की तिच्यात मी स्वतः रन-फ्लॅटच ठेवा म्हणेन. ती नागपूरच्या फेऱ्यांशी जोडलेली आहे, तिच्याकडे नंतर येतो.

रन-फ्लॅटमध्ये नेमकं काय असतं? साइडवॉलच्या आतल्या अंगाला जाड, उष्णता सोसणाऱ्या रबराचा थर. साध्या टायरची हवा गेली की साइडवॉल दुमडते आणि रिम रबरावर टेकते. रन-फ्लॅटमध्ये हाच थर गाडीचं वजन पेलतो, टायर रिमवरून निसटत नाही. रिमलाही त्यासाठी बीडच्या, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेच्या, जागी थोडा जास्त उंचवटा दिलेला असतो. अशा रिमवर साधे टायर बसतात, त्यासाठी रिम बदलायची गरज नाही. बहुतेक कंपन्या सांगतात ती हमी एकच: हवा शून्य झाल्यावर ताशी ८० किमीच्या आत, जास्तीत जास्त ८० किमी. गाडी भरलेली असेल, मे महिन्याची दुपार असेल, तर हा आकडा कमी धरा. तो थर चालताना तापतो आणि तापूनच मरतो.

हे ८० किमी नकाशावर मांडून बघा. शहरात किंवा जिल्ह्यात कुठेही पंक्चर झालं तर तुम्ही घरी पोचता, प्रश्न मिटला. पण पुण्याला जाताना संगमनेरला हवा गेली तर पुणं त्या टप्प्यात येत नाही. नारायणगावपर्यंत जाल. तिथे पोचल्यावर काय? २५५/३५ आर १८ रन-फ्लॅट तिथल्या दुकानात मिळणार नाही. आहे तो टायर उतरवायला लागणारं मशीन असेलच असं नाही. शून्य हवेवर साठ किलोमीटर पळालेला टायर दुरुस्त करून पुढे नेणं तर चुकीचंच. म्हणजे गाडी तिथून फ्लॅटबेडवरच, चारही चाकं वर घेऊन नेणाऱ्या ट्रकवर. त्याच संगमनेरला साध्या टायरमध्ये खिळा गेला असता, तर साधारणपणे हवा हळूहळू उतरली असती, डॅशबोर्डवर दिवा लागला असता, तुम्ही कॉम्प्रेसरने हवा मारून हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे गेला असता आणि पाऊण तासात पुढच्या रस्त्याला लागला असता. रन-फ्लॅट पहिला तास सोपा करतो. पुढचे दोन दिवस अवघड करतो. आपल्या भागात तुमच्या मापाचा टायर कुठल्या दुकानात शिल्लक आहे, यावरच ते दोन दिवस ठरतात.

इथे एक जुनी गोष्ट आठवून ठेवण्यासारखी आहे. जून २०२०मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. सामान्य हॅचबॅकवाल्याला त्याचं काही वाटलं नाही, त्याचा टायर इथेच बनतो. तुमच्यासारख्या मापांना, त्यातही रन-फ्लॅटला, फटका बसला. तेव्हापासून एखादं माप महिनोन्महिने न मिळणं नवं राहिलेलं नाही. साध्या टायरमध्येही तुमची मापं रोजची नाहीत, पण दोन-तीन चांगल्या कंपन्यांपैकी कुणाचा तरी जोड मिळतो. रन-फ्लॅटमध्ये बहुतेक वेळा 'ऑर्डर टाकू साहेब' हेच ऐकायला मिळतं.

काही लोकांची अशी समजूत असते की स्पोर्ट्स कार म्हणजे रन-फ्लॅट हवाच. असं काही नाही. पोर्शेवाले वर्षानुवर्षं साधे टायर आणि डिकीत सीलंट-कॉम्प्रेसर देत आले. बीएमडब्ल्यूच्या स्वतःच्या एम३लाही रन-फ्लॅट नसायचे. उलट निसान जीटी-आर रन-फ्लॅटवरच यायची, आणि शेव्हरोले कॉर्व्हेटने १९९४मध्येच ते पर्याय म्हणून दिले होते. तेव्हा वेगाशी याचा फारसा संबंध नाही. संबंध आहे तो स्टेपनीला जागा आहे की नाही याच्याशी. तुमच्या गाडीचं छप्पर दुमडून डिकीत जातं. छप्पर बंद असताना डिकी सुमारे ३१० लिटर, उघडलं की १८०. त्यात १८ इंची चाक कुठे ठेवणार? बीएमडब्ल्यूने स्टेपनी काढून त्या जागेचं उत्तर टायरच्या साइडवॉलमध्ये घातलं, इतकंच.

आता आपल्या रस्त्यांवर टायर मरतो कशाने, ते बघू, कारण खरा निर्णय इथे आहे. दोन प्रकार. पहिला म्हणजे खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा, बाभळीचा काटा. सातपूर-अंबडकडे जाणंयेणं असेल तर लेथच्या चिप्स. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, गिरणारेकडे मांडवाच्या तारांचे तुकडे. हे सगळं ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, घुसतं, सावकाश हवा सोडतं आणि दुरुस्त होतं. दुसरा प्रकार म्हणजे खड्ड्याची कड. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात सध्या खोदकाम, अर्धवट भरलेले चर आणि रस्त्यापेक्षा दोन इंच वर आलेली झाकणं यांची काही कमतरता नाही. तुमच्या पुढच्या टायरची साइडवॉल आहे ९० मिमी, मागची ८९. एवढ्याशा उंचीत खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये रबर चिमटलं की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. तुमच्या डाव्या टायरचं तेच झालंय.

या दुसऱ्या प्रकारात रन-फ्लॅट तुम्हाला वाचवत नाही. उलट त्याची साइडवॉल कडक असल्याने धक्का गिळण्याऐवजी रिमकडे पाठवते. टायरला फुगा आणि अलॉयला आतल्या बाजूने चपटेपणा, दोन्ही एकाच चाकात मी रन-फ्लॅटवर जास्त बघतो. फुगा आलेला टायर रन-फ्लॅट असो की साधा, फेकायचाच असतो. फरक एवढाच की एकाला पैसे जास्त जातात आणि दुसरा लवकर मिळतो.

दुरुस्तीबद्दल नीट सांगतो, कारण यात सगळ्यात जास्त थापा चालतात. 'रन-फ्लॅटचं पंक्चर निघतच नाही' हे सरसकट खरं नाही. हवा कमी झाल्यावर गाडी चालवलेली नसेल, भोक ट्रेडच्या मधल्या भागात असेल, ६ मिमीपेक्षा मोठं नसेल, टायर उतरवून आतून तपासला असेल, तर आतून मशरूम पॅच लावता येतो. काही टायर कंपन्या तेही नको म्हणतात, तेव्हा त्या कंपनीचं ऐकावं. पण हवा नसताना पळालेल्या टायरचं प्रकरण वेगळं. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, ट्रेड चांगली, साइडवॉलवर ओरखडाही नाही. मशीनवर बीड मोकळी केली की आतून चहाच्या पुडीसारखा काळा चुरा खाली सांडतो. टॉर्च मारून बघितलं तर साइडवॉलच्या आतल्या पृष्ठभागावर गोल फिरलेला खरखरीत पट्टा दिसतो. बोट फिरवलं तर रबराची सालं निघतात. तो चुरा म्हणजे ज्या थराने तुम्हाला घरी आणलं त्याचाच आहे. असा टायर पंक्चर काढून, हवा भरून, परत लावून देणारे आहेत. तो पुन्हा एकदा हवेशिवाय पळायचा प्रसंग आला तर टिकेल याची काही खात्री नाही, आणि हवा असतानाही १२०वर त्याच्यावर माझा भरवसा नाही. सेकंडहँड गाडी घेतलीत, तर तुमच्या सध्याच्या टायरांपैकी एखाद्याच्या पोटात असा पट्टा असेल. उतरवल्यावर समोर उभं राहून बघाच.

आता मित्राच्या 'वाट लागेल'बद्दल. झेड-फोरचं सस्पेन्शन कंपनीने रन-फ्लॅट धरून बसवलंय, हे खरं. साधे टाकल्यावर स्टीअरिंग फिरवलं की पहिल्या क्षणी येणारा तो कडक प्रतिसाद किंचित मऊ होतो. पण ३५-४० प्रोफाइलमध्ये (रुंदीच्या टक्क्यांत साइडवॉलची उंची) साइडवॉल मुळातच एवढी बुटकी आहे की ज्याला ५५ प्रोफाइलच्या सेडानवर हा फरक जाणवला असेल त्याच्यापेक्षा तुम्हाला तो फार कमी जाणवेल. बदल्यात मिळतं ते मोठं आहे. याच मापात रन-फ्लॅट टायर साध्यापेक्षा एक-दोन किलोने, कधी त्याहूनही जास्त जड असतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे खाचखळग्यांवर चाकाला रस्त्याला चिकटून राहायला अडवणारं. त्र्यंबक रोडवर वळणाच्या मध्येच डांबराचा ठिगळ येतो तिथे रन-फ्लॅटवरची गाडी एक पाऊल बाजूला उडी मारते. साध्यावर ती बसून राहते. आणि रन-फ्लॅटची पकड सुटते तेव्हा तो फारशी पूर्वसूचना देत नाही. ३०६ हॉर्सपॉवर मागच्या चाकांना देणाऱ्या गाडीत पूर्वसूचना मला कुठल्याही कडकपणापेक्षा मोलाची वाटते.

पावसाळा वेगळा धरा. इगतपुरी-घोटीच्या पावसात २५५ रुंदीचा टायर पाण्यावर तरंगायला लवकर तयार होतो. ट्रेडमधली खूण १.६ मिमीची असते, कायद्याला तेवढं पुरतं. मला पुरत नाही. मागचे टायर ३ मिमीला आले की जून उजाडायच्या आत बदला. चांगल्या रबराचे, पाण्यात उत्तम ब्रेक लागणारे टायर साध्यांमध्ये जास्त निवडायला मिळतात, हाही साध्याच्या बाजूचा मुद्दा.

दुकानदाराचा 'मागचे दोन साधे, पुढचे दोन रन-फ्लॅट'. हे का नको? पुढचं चाक कडक, लगेच वळतं. मागचं मऊ, त्याच्यामागून सावरत येतं. सरळ रस्त्यावर कळणारही नाही. चंदनापुरी घाटाच्या उतारावर किंवा समृद्धीवर अचानक लेन बदलावी लागली, की गाडीचं नाक आधी जातं आणि शेपूट मागाहून हलते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे नको असतं. शिवाय पंक्चरच्या वेळी पुढच्या चाकासाठी एक नियम आणि मागच्यासाठी दुसरा, हे रात्री बारा वाजता कुणाच्या लक्षात राहत नाही. एकाच धुऱ्यावर मिसळ तर अजिबातच नाही. तुमच्या पुढच्या डाव्याला फुगा आहेच, मग तो टायर तसाही जाणार. चौथा, पुढचा उजवा, चांगला असेल तर विकून टाका. याच मापाचा एकच रन-फ्लॅट शोधत फिरणारे असतात.

आणखी एक सल्ला तुम्हाला मिळेलच, म्हणून आधीच सांगतो: 'खड्ड्यांसाठी पुढे २२५/४५ टाका, साइडवॉल वाढेल.' नका टाकू. तुमच्या पुढच्या टायरचा व्यास आहे ६३७ मिमी, मागच्याचा ६३६. कंपनीने ते मुद्दाम जवळपास सारखे ठेवलेत, कारण एबीएस आणि स्थिरता नियंत्रण चारही चाकांच्या फेऱ्या सतत ताडून बघतं. २२५/४५ आर १८चा व्यास होतो ६६०. पुढचं चाक कायम हळू फिरल्यासारखं दिसणार, आणि इलेक्ट्रॉनिक्स नको तिथे हात घालणार.

साइडवॉल खरंच वाढवायची असेल तर दुसरा मार्ग आहे, आणि तुमच्याकडे पैसे असतील तर मला तो आवडतो. १७ इंची रिम, चारही २२५/४५ आर १७. हे माप या पिढीच्या झेड-फोरला कंपनीने दिलेलं आहे. व्यास ६३४, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. साइडवॉल १०१ मिमी. चारही सारखे असल्याने पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात, टायर सहज मिळतो, स्वस्तही पडतो. फक्त ३५आयचे पुढचे ब्रेक मोठे आहेत. तेव्हा रिम विकत घेण्याआधी एक चाक प्रत्यक्ष लावून, हाताने पूर्ण फिरवून, कॅलिपरला कुठे लागत नाही ना हे बघा. नुसतं 'बसतं साहेब' यावर पैसे देऊ नका. तोटा दिसण्याचा: १७ इंचावर गाडी जरा पोकळ वाटते. आणि मागचा टायर २५५ऐवजी २२५ झाल्याने पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर मागची चाकं लवकर घसरतील. तुमचा रविवार शांत असेल तर हे चालेल. नसेल तर १८वरच राहा.

टायर घेताना तीन गोष्टी साइडवॉलवरच वाचा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा आकडा: पुढच्या मापात साध्या बांधणीचा ८८ म्हणजे ५६० किलो, जादा भाराच्या बांधणीचा ९२ म्हणजे ६३० किलो. मागे ९० म्हणजे ६०० आणि ९४ म्हणजे ६७०. आपल्या रस्त्यांसाठी मी जादा भाराची बांधणीच घेतो. सध्याच्या टायरवर आहे त्यापेक्षा खाली तर कधीच जायचं नाही. वेगाचं अक्षर डब्ल्यू किंवा वाय, म्हणजे २७० किंवा ३०० किमी. तेवढं कोण पळवणार, असं म्हणून व्ही घेऊ नका. हे अक्षर टायर उष्णता किती सोसेल याचंही आहे, आणि मे महिन्यात समृद्धीचं काँक्रीट काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. तिसरं, बनावटीचा आठवडा. चार आकडी शिक्का असतो: ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा. तुमच्या मापात जुना माल पडून राहतो, कारण गिऱ्हाईक कमी. दोन वर्षांहून जुना असेल तर मी परत पाठवतो. चारही टायरचे शिक्के स्वतः वाचा, पुढच्या दोघांवरून मागच्यांचा अंदाज करू नका. मूळ टायरवर बीएमडब्ल्यूची ताऱ्याची खूण असेल. साध्यांवर ती नसली तरी काही बिघडत नाही.

आता डिकीतली तयारी. ती टायर घेण्याआधीच करा, कारण एकदा साधे टायर बसले आणि गाडी दुकानाबाहेर पडली की ही खरेदी पुढे ढकलली जाते. १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर हवा, खेळण्यातला नको. सीलंटची बाटली हवी. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती बघा आणि संपली की बदला. सीलंट ट्रेडमधल्या भोकाला चालतं, साइडवॉल फाटली तर ते नुसतं रस्त्यावर सांडतं. माझा क्रम असा: डॅशबोर्डवर दिवा लागला की जागा बघून थांबा, चाक बघा. खिळा दिसत असेल तर तो काढू नका, हवा भरा आणि दहा मिनिटं वाट बघा. हवा टिकली तर सीलंट न वापरताच हळू निघा. सीलंट ही शेवटची पायरी, कारण नंतर पंक्चरवाल्याला आतून सगळं धुवावं लागतं आणि वॉल्व्हमध्ये सेन्सर असेल तर तोही. तुम्ही सीलंट टाकलंय हे त्याला सांगा. न सांगता टायर उघडला की ते त्याच्या अंगावर येतं आणि मग तो तुमच्याशी कसा बोलतो ते बघा.

पंक्चरवाल्याने बाहेरून स्ट्रिप मारली तर घरी येण्यापुरती ठीक आहे. वाय रेटिंगच्या टायरवर तीच स्ट्रिप घेऊन नागपूरला निघू नका. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम लावून घ्या.

जॅकबद्दल एक बारीक गोष्ट. तुमची गाडी आधीच जमिनीला लागून. साधा टायर पूर्ण बसला की तिच्या कडेखाली बहुतेक जॅक शिरतच नाहीत. यावर उपाय सोपा: आधी कॉम्प्रेसरने थोडी हवा मारून गाडी उचला, मग जॅक घाला. नाहीतर दीड इंच जाडीची एक फळी डिकीत ठेवा आणि चाक तिच्यावर चढवा. चाकांना कुलपाचा बोल्ट असेल तर त्याची चावी कुठे आहे हे आजच शोधा. सेकंडहँड गाड्यांमध्ये ही चावी आधीच्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहिलेली असते. रस्त्यावरची मदत सेवा घेतली असेल तर फ्लॅटबेड पाठवतात ना, हे विचारून ठेवा. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर ओढत नेणारी टोइंग तुमच्या गाडीला चालणार नाही. आणि हे सगळं सामान छप्पर दुमडून येतं त्या जागेच्या बाहेर बसतंय ना, हे छप्पर एकदा उघड-बंद करून बघा.

कायद्याचं कुणी घाबरवत असेल तर: ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाडीत स्टेपनी बंधनकारक नाही, असा बदल केंद्राने २०२०मध्येच मोटार वाहन नियमांत केला. माप, लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर तेच ठेवून रन-फ्लॅटऐवजी साधा टाकणं म्हणजे गाडीत फेरफारही नव्हे.

आता ती परिस्थिती. नागपूरला तुम्ही एकटे, दिवसा, कॉम्प्रेसर घेऊन जात असाल तर वरचं सगळं लागू. पण समजा ही गाडी तुमच्या घरातलं कुणी रात्री एकटं घेऊन जातं, किंवा तुम्हाला पाठीचं दुखणं आहे आणि रस्त्याकडेला वाकून काही करणं शक्य नाही. तर रन-फ्लॅट ठेवा आणि महाग पडले तरी घ्या. समृद्धी ७०१ किमीची आहे, कारला १२०ची परवानगी, बाहेर पडायच्या जागा लांब लांब, आणि रात्री कडेला थांबलेल्या गाडीवर मागून ट्रक येण्याची भीती खरी आहे. सप्टेंबर २०२५मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ माळीवाड्याच्या भागात काय झालं ते आठवा. काँक्रीटच्या भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी ॲल्युमिनियमच्या नॉझल रस्त्यात रोवल्या होत्या, रात्री त्यांच्यावरून गेलेल्या गाड्यांचे टायर फुटले आणि माणसं अंधारात हायवेवर अडकली. अशा वेळी रन-फ्लॅटवाला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जातो आणि उजेडात थांबतो. ही त्याची खरी किंमत आहे, आणि ती मी कमी लेखत नाही. मात्र दोन चाकं एकदम गेली तर सीलंटची एक बाटली पुरत नाही, हे साधेवाल्याने लक्षात ठेवावं. समृद्धीला जाणार असाल तर दोन बाटल्या.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी हवेच्या दाबाची यंत्रणा चालू असली पाहिजे. काही गाड्यांत प्रत्येक वॉल्व्हमध्ये सेन्सर असतो, काहींत एबीएसच्या सेन्सरवरून अंदाज घेतला जातो: हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फेऱ्या मारतं. दुसऱ्या पद्धतीत चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर गाडीला काही कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा गेज लावाच. सेन्सर असतील आणि मूळचेच असतील तर त्यांच्या बॅटऱ्या आता संपायला आल्या असतील. टायर उतरलेलेच आहेत तर त्याच वेळी बदलून घ्या. आणि टायर बसवल्यावर यंत्रणा रिसेट करायला सांगा, हे निम्मी दुकानं विसरतात.

बसवणाऱ्याकडे जाऊन आधी मशीन बघा. रन-फ्लॅट उतरवताना हेल्पर आर्म (कडक साइडवॉल दाबून धरणारा मशीनचा जादा हात) नसेल तर कारागीर पहारीने जोर लावतो आणि रिमची कड किंवा सेन्सर जातो. मशीनला आर्म नसेल तर चहा पिऊन या, गाडी तिथे उघडू नका. बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. इम्पॅक्ट गनने आवळून 'झालं' म्हणणाऱ्याला थांबवा. चारही टायर नवे, तेव्हा अलाइनमेंट त्याच दिवशी.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, थंड टायरमध्ये. रन-फ्लॅट काढले म्हणून चार पॉइंट जास्त भरायची पद्धत आहे, तिला काही अर्थ नाही. तापमानातल्या दर १० अंशांमागे दाब साधारण १ ते दीड पीएसआय बदलतो. मेच्या दुपारी पेट्रोल पंपावर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे, निफाडकडे पारा खाली गेलेला असताना, दिवा लावणारच. तेव्हा लगेच पंक्चर समजून गाडी उलटीपालटी करू नका, थंड टायरमध्ये पुन्हा मोजा.

नवे टायर बसल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून. साच्यातून निघताना ट्रेडवर जो तेलकट थर असतो तो झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही, आणि तुमच्या गाडीत ते पहिल्याच ओल्या वळणावर कळेल. त्या काळात स्टीअरिंग ढिलं वाटलं तर घाबरून परत रन-फ्लॅटची चौकशी करू नका. शंभर किलोमीटर झाल्यावर बोल्ट एकदा पुन्हा टॉर्क करून घ्या आणि समृद्धीला निघायचं तर सिन्नरच्या गोंद्याहून चढा, वाडीवऱ्ह्याजवळच्या गोंदे दुमाल्याला शोधत बसू नका. दोन्ही गोंदेच, आणि मॅप कधी कधी चुकीच्या गोंद्याला नेऊन सोडतो.